नळी मधोमधच होती, आबा

आबा, तुमच्या जलदानविधीला फोटोशेजारी ठेवलेलं तुमचं विमान मोडलं. घाबरू नका, फक्त नाकावरची नळी. तुमच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावायला बायकांची गर्दी झाली, कुणाचा तरी पदर अडकला आणि नळी टेबलावर पडली. पदर कुणाचा ते मी बघितलं नाही, आणि बघायचंही नव्हतं. नळी उचलली, रुमालाच्या कोपऱ्यात बांधली आणि रुमाल कमरेला खोचला. बौद्धाचार्य त्रिसरण-पंचशील देत होते तेव्हा माझं अर्धं लक्ष त्या गाठीवर होतं.

मग माईक माझ्याकडं आला. सूनबाई दोन शब्द बोलतील, असं मंडळानं मला न विचारताच जाहीर केलं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आबा माझे सासरे. मी दुकान काढलं तेव्हा घरात एकटे तेच माझ्या बाजूनं होते. जय भीम." आणि बसले. मागून तुमचा लेक मिलिंद कुजबुजला, "एवढंच?"

माईकवर एवढंच. बाकीचं तिथं बोलण्यासारखं नव्हतं. कारण त्यातली पहिली गोष्ट ही, की मला हलकं वाटतंय. सासरा जाऊन आठवडा होत नाही तोवर सून असं म्हणाली, तर अणदुरात त्याचा एकच अर्थ लावतील. म्हणून हे तुम्हालाच सांगते. तुम्हाला अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

गेलात त्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्यावर खेकसलात. चहात साखर कमी होती. मुद्दामच कमी होती, डॉक्टरनं सांगितलं होतं तेवढी. तुम्ही कप आपटलात, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "तुला साखर परवडत न्हाय का?" मी म्हणाले, "परवडती, पर तुमाला सोसत न्हाय." मग चपला घालून तुम्ही माझ्या आधी दुकानावर जाऊन बसलात. दुपारच्या आत सगळं संपलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मला वाईट वाटलं, रडलेही. पण आबा, खेकसणारा माणूस गेला याचं मला जे समाधान आहे ना, ते कुणाला सांगू? मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात गेला असतात तर कप आपटणारा माणूस गेला नसता. "चहा पिऊ का गं?" असं विचारणारा माणूस गेला असता.

तिथंच जायचंय मला. तुमच्या त्या डब्यांकडं.

मिलिंदच्या आई गेल्यावर तुम्ही नुसते बसून असायचात, म्हणून त्यानं पुण्याहून सुटे भाग जोडून विमान करायचा पहिला डबा आणला. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस, त्याला वाटतं कुठल्याही दुखण्यावर हाताला काम हा उपाय आहे. डब्यावर मिग-२१ चं चित्र, अंगावर आपल्या वायुदलाचे तिरंगी गोल, आणि शेजारी ७७ हा आकडा. तुमच्या तरुणपणी वायुदलात या विमानाला तुम्ही सगळे 'सत्त्याहत्तर'च म्हणायचात. तुम्ही त्याच्या पत्र्याचे फिटर. आमच्या घरात हा आकडा एखाद्या नातेवाइकाच्या नावासारखा होता.

मला वाटलं, माणूस खूश होईल. तुम्ही वर्तमानपत्र पसरलंत, प्लास्टिकचे बारीक बारीक भाग त्यावर मांडलेत आणि बाजारात जनावर पारखतात तसे एकेक उचलून बघत बसलात. मग म्हणालात, "ह्यो सत्त्याहत्तर न्हाय."

मिलिंद म्हणाला, "आबा, डब्यावर छापलंय."

"छापू दे. पाठ बघ ह्येची, म्हशीवानी. आमचं सडपातळ व्हतं. अन् वरची काच कडंला उघडायली. आमची म्होरं उघडायची, टोपी काढून सलाम केल्यावानी. अन् ही नळी?" दाभणासारखी ती नळी तुम्ही चिमटीत धरलीत. विमानाच्या नाकावर असते, तिच्यावरून हवेचा वेग कळतो. हे मला तुमच्यामुळंच माहीत. "ही उजवीकडं सरकलीय. नळी वर, मधोमध पायजे. तिच्यावरलं लाल बोंडकं रोज सकाळी म्याच काढायचो. मला सांगू नगा."

मिलिंदला वाद आवडतो, पण पुराव्याचा. तो म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचं मागवू. दोघांचं जुळलं तर?"

"जुळलं तर म्या चुकलो," तुम्ही म्हणालात. अट तुमचीच.

दुसरा डबा आला. कंपनी दुसरी, देश दुसरा, झाकणावरचं चित्रही वेगळं; ढगांतून वर चढणारं विमान. पहिल्याचं प्लास्टिक राखाडी होतं, याचं फिकट हिरवं. आकडा मात्र तोच, ७७. तुम्ही झाकण उघडलंत. पाठ जाड. काच कडेला उघडणारी. नळी उजवीकडं.

तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि झाकण लावलंत. "जुळलं," एवढंच म्हणालात. मिलिंद पेपर तपासायला निघून गेला. माझ्यासमोर पेरणीचे दिवस होते, बियाण्याच्या गाड्या उतरत होत्या. मीही मनात म्हटलं, दोन देशांतल्या दोन कंपन्या एकच चूक कशी करतील? पन्नास वर्षं झाली, आठवण सरकली असेल. नळी सरकली काय आणि आठवण सरकली काय, जगाचं काय अडतं?

तुमचं अडलं. ते का अडलं, हे मला थोरल्या बापूंमुळं कळलं.

थोरले बापू, तुमचे सख्खे भाऊ. शेवटच्या वर्षांत त्यांना घर ओळखू येईना झालं होतं. एकदा चालत चालत नळदुर्गच्या स्टँडवर जाऊन बसले आणि कंडक्टरला म्हणाले, मला आईकडं सोड. तुम्ही आणायला गेला होता. परत आल्यावर तुम्ही चपला काढल्यात, पायरीवर बसलात आणि म्हणालात, "मला तुमी म्हणाला." थोरला भाऊ धाकट्याला तुम्ही म्हणाला. त्यापुढं त्या दिवशी तुम्ही जेवलाही नाहीत.

दुसऱ्या डब्यानंतर तुम्ही स्वतःला बापूंच्या जागी बसवलंत. एकेक वस्तू आमच्या हातात देत गेलात. एटीएमचं कार्ड मिलिंदकडं. दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडं. मोपेड अंगणात उभी, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या. चहा झाला की "गॅस बंद केला का बघ गं," आणि मी बघून आले तरी पुन्हा "बघितलास का?" विहारात दर पौर्णिमेला वंदना तुम्ही घ्यायचात. सगळं तोंडपाठ, आवाजही असा की स्पीकरची गरज नसायची. त्या पौर्णिमेला तुम्ही शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलात. ओठ हलत होते, आवाज नव्हता. घरी येताना मी विचारलं, तर म्हणालात, "मधीच आडलो तर? समद्यांच्या म्होरं?"

आणि एक दिवस दुकानात, मी हिशेबाच्या नादात असताना, तुम्ही अगदी साधेपणानं म्हणालात, "सुनंदा, म्या तुला तुमी म्हणायला लागलो की सांग बरं का. लपवू नगस."

मी "हं" म्हणाले. बेरीज पुन्हा पहिल्यापासून मांडली.

सोलापूरला डॉक्टरकडंही नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणून घेतले आणि सांगितलं, वयाच्या मानानं ठीक आहे. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "वयाच्या मानानं म्हंजे? गेलंय, पर थोडंच, असं व्हय?" मिलिंद समजावत राहिला. तुमच्या डोक्यात ज्या दोन साक्षीदारांनी तुमच्याविरुद्ध साक्ष दिली होती, ते डॉक्टरच्या साक्षीनं हटणार नव्हते.

शेवटी मलाच त्या डब्यांचा वैताग आला. घरात ते दिसले की तुमचं तोंड उतरायचं. मी दोन्ही दुकानात आणून वरच्या फळीवर टाकले. मिलिंदच्या शाळेत देऊन टाकायचे, असं ठरवलं.

ती दुपार तुम्हाला आठवत असेलच. सोयाबीनवर अळी पडली होती. एक शेतकरी आला, त्याला मेव्हण्यानं सांगितलेलीच बाटली पाहिजे होती. ती माझ्याकडं नव्हती. मी दुसरी पुढं केली.

तो म्हणाला, "ही न्हाय. तिच्यावर लाल पट्टा हाय."

"पट्ट्यानं अळी मरती का? बारीक अक्षरात आतल्या औषधाचं नाव लिहिलंय, वाचा. नाव दोन, बाटल्या दोन, माल एकच."

हे वाक्य मी हंगामात इतक्या वेळा म्हणते की झोपेतही म्हणत असेन. तो बाटली घेऊन गेला. तुम्ही आत खुर्चीत, रस्त्याकडं तोंड करून. गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मी डबे खाली काढले, सुतळीनं बांधायला. पहिल्याचं झाकण फाटलेलं, सगळे भाग काउंटरवर सांडले. गोळा करताना राखाडी पंख हिरव्याच्या पिशवीत जायला लागला, म्हणून दोन्ही पंख हातात धरून बघितले. आणि थांबले.

राखाडी पंखाच्या खालच्या बाजूला एक पुळी होती. खसखशीच्या दाण्याएवढी. हिरव्याच्या पंखाला, त्याच जागी, तेवढीच.

आमच्या घरातल्या सगळ्या प्लास्टिकच्या मगांना कानाजवळ सारखाच उंचवटा आहे. साच्याला खड्डा असला की त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मगाला पुळी येते. दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या दोन साच्यांना एकाच जागी खसखशीएवढा खड्डा पडेल, हे मला पटेना. मग भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटींना चिकटून येतात, त्यांच्यावरचे आकडे लावून बघितले. तेही तेच, त्याच जागी.

"आबा, हिकडं या."

"येऊ का?"

"या म्हणलं की!"

तुम्ही आलात. मी तुमचा अंगठा धरला आणि राखाडी पंखाखाली टेकवला. मग हिरव्या. मला डोळ्यांनी दिसलं होतं, पण तुमचा तुमच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. बोटांवर होता. पत्र्यावरचा फुगवटा रंगाखालून ओळखणारी बोटं. तुम्ही डोळे मिटलेत. पुन्हा राखाडी, पुन्हा हिरवा.

"एकाच साच्यातलं हाय," तुम्ही म्हणालात.

"व्हय."

"मग ह्या दोन कंपन्या?"

"बाटल्या दोन. माल एकच. एकानं साचा बनवला, दुसऱ्यानं त्योच माल घेऊन आपलं झाकण लावलं."

तुम्ही तिथंच बियाण्याच्या पोत्यावर बसलात. एरवी मी कुणाला पोत्यावर बसू देत नाही. "मग साक्षीदार एकच की गं."

"एकच. सदरा बदलून आलेला."

त्यावर तुम्ही हसलात. आधी नाकातून, मग पोट धरून. किती दिवसांनी ते मी मोजलं नाही. हसता हसता उठलात, राखाडी पाठ हातात घेतलीत आणि जुना फिटर बोलायला लागला. "अन् ह्यो साक्षीदार बी खोटा. ह्यो शहाण्णव हाय, सुनंदा. सत्त्याहत्तरचा धाकटा भाऊ, मागनं आलेला. म्या लांबनं बघितलाय, हात लावला न्हाय कवा. थोरल्याचं नाव लावून धाकट्याला इकायलेत!"

"पहिल्या दिवशी तुमी ह्येच म्हणालाव. ह्यो सत्त्याहत्तर न्हाय म्हणून."

तुमचा चेहरा क्षणभर पडला. "म्हणालो व्हतो?"

"म्हणालाव. मी हुते तिथं."

"व्हय," तुम्ही म्हणालात, त्या राखाडी पाठीवरून अंगठा फिरवत. "म्हणालो व्हतो. म्हशीवानी पाठ."

हसण्याचा आवाज ऐकून शेजारच्या हार्डवेअरमधून इराण्णा अण्णा आले. तुमचे जुने मित्र, लिंगायत माणूस, निम्मं बोलणं कानडी सुरात. "काय ओ एअरफोर्स, लॉटरी लागली काय?"

"डोकं सापडलं," तुम्ही म्हणालात.

"अय्य! कुठं सापडलं?"

"ह्या पंखाखाली."

इराण्णा अण्णांनी पंखाखाली वाकून बघितलं. "लईच बारीक हाय की ओ," म्हणाले.

तिसरा डबा मिळायला वेळ लागला. मिलिंदला मी बजावलं होतं, झाकण बघू नकोस, साचा कुणाचा ते आधी विचार. त्यानं पुण्यातल्या हौशी लोकांकडं चौकशी केली, तेव्हा कळलं की मॉडेल करणाऱ्यांत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच्या साच्यातला माल दुसऱ्याच्या डब्यात जातो, आणि आत एक जातीचं विमान, वर दुसऱ्याचं नाव, हेही होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आपल्या घराला.

डबा आला तो दुकानावरच. तुम्ही तो उघडलात आणि माझ्याकडं सरकवलात. स्वतः रस्त्याकडं तोंड करून उभे राहिलात, हात पाठीशी बांधून. "तूच बघ. नळीचं भोक कुटं हाय?"

मी नाकाचा भाग शोधला, उजेडात धरला.

"मधोमध."

"नीट बघ."

"मधोमध हाय, आबा. भांग पाडल्यावानी."

"काच?"

"सगळी एका तुकड्याची. म्होरं उघडायची."

"पाठ?"

"बारीक."

"हां," तुम्ही म्हणालात. वळून बघितलंही नाहीत. सरळ घरी गेलात, मोपेडवरच्या कोंबड्या हाकलल्यात आणि शेताकडं निघून गेलात. एकटे. बाहेरगावी असलेल्या मिलिंदला मी फोन करून सांगितलं, तो घाबरून म्हणाला, अडवलं नाहीस? मी म्हणाले, अडवण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या पौर्णिमेला वंदनेला तुम्ही पुढं बसलात. मध्ये एका ठिकाणी थांबलात. शेजारच्या बायकांनी माना वर केल्या. तुम्ही खाकरलात, म्हणालात, "थांबा, घसा," तांब्यातलं पाणी प्यालात आणि सोडलं होतं तिथूनच पुढं धरलंत. एवढंच. ते पाणी मी जन्मभर विसरणार नाही.

विमान जोडायला तुम्ही घाई केली नाही. नाकात वजन भरायचं होतं, नाहीतर ते शेपटीवर बसतं. मी बियाण्याच्या पोत्यांची शिशाची सीलं दिली. तुम्ही ती ठेचून नाकात बसवलीत. रंगासाठी इराण्णा अण्णांनी रुपेरी डबा आणला, लोखंडी गेटला देतात तो.

"इमानाला गेटचा रंग?" तुम्ही भडकलात.

"चांदी लावू का मग? तुमचं इमान माझ्या गेटाहून लई शाणं हाय काय?"

शेवटी तोच लावलात, आणि पातळ करून इतका छान लावलात की अण्णा गिऱ्हाइकांना आणून दाखवायचे.

मला चाकं आत घेतलेलं, उडणारं विमान पाहिजे होतं, काचेच्या दांडीवर. तुम्ही ऐकलं नाहीत. "आमी जमिनीवरची माणसं. उडताना आमी त्याचं निस्तं बूड बघितलं. आमचं इमान चाकावर उभं असलेलं." तरी मी दोन दिवस वाद घातला. तुम्हाला वाद घालताना बघायला बरं वाटत होतं. हे तेव्हा सांगितलं नाही.

आणि मग ती शिडी. डब्यात वैमानिकाच्या चढायची एक बारीक शिडी होती. जोडणीच्या कागदावर ती डावीकडं दाखवली होती. तुम्ही कागद माझ्यापुढं नाचवलात. "चूक! शिडी उजवीकडनं लागायची. म्या रोज लावायचो."

माझ्या हातातलं काम थांबलं. पुन्हा तेच सुरू होणार, असं वाटलं. मी म्हणाले, "आबा, असंल डावीकडं. सोडून द्या."

"सोडायचं कशापायी? साक्षीदार हाय माझ्याकडं."

तुम्ही घरून तुमची काळी लोखंडी पेटी मागवलीत. त्या पेटीवर पांढऱ्या अक्षरांत तुमचं नाव आहे. माझं दुकान सुरू झालं तेव्हा काउंटर नव्हता, तुम्ही हीच पेटी दोन विटांवर ठेवून म्हणालात, बस हिच्यामागं. भावकीतले म्हणाले, बाईमाणूस फवारणीची औषधं विकणार? तुम्ही म्हणालात, "अळी काय बाप्या-बाई बघून मरती का?" त्या पेटीमागं मी पहिला हंगाम काढला. ती पुन्हा दुकानात आली आणि तुम्ही तळातून एक फोटो काढलात. तुम्ही, काडीसारखे बारीक, शिडीच्या वरच्या पायरीवर, हात काचेवर. विमानाचं नाक फोटोत स्पष्ट.

शिडी डावीकडं होती.

तुम्ही फोटो जवळ धरला, लांब धरला. मी मनात म्हणत होते, आता किल्ल्या परत माझ्याकडं, मोपेडवर कोंबड्या.

"च्यायला," तुम्ही म्हणालात, "डावीकडंच व्हती की."

अण्णांनी संधी सोडली नाही. "उजवा हात कंचा ओ तुमचा, दाखवा बघू?"

तुम्ही त्यांना मूठ दाखवलीत. "चुकलो. माणूस चुकतंय की. त्याला काय दवाखाना लागतोय?"

आणि शिडी डावीकडं चिकटवायला घेतलीत. मी आत गोदामात गेले आणि काही कारण नसताना दोन पोती इकडून तिकडं केली. नळीनं तुम्हाला बरोबर ठरवलं, ते चांगलंच झालं. पण माझी काळजी संपली ती शिडीपाशी. बरोबर ठरल्यावर कुणालाही धीर येतो. चुकल्यावर तुम्ही हसलात.

म्हणून हलकं वाटतंय, आबा. पाहुणे "लवकर गेले" म्हणतात, मी मान हलवते. मनात म्हणते, वेळेवर गेले. स्वतःच्या किल्ल्या खिशात घेऊन गेले.

एक वाद मात्र आपला राहिला. ते राखाडी आणि हिरवं विमान शाळेत द्यायचं, असं माझं म्हणणं. तुम्ही म्हणायचात, "आधी डब्यावरलं नाव बदल. पोरं चुकीचं शिकतील." मी म्हणायचे, पोरांना ७७ काय आणि ९६ काय. तुम्ही म्हणायचात, मग मला काय व्हतं? काल मी दुकानातली किमतीची पांढरी चिठ्ठी घेतली, दोन्ही झाकणांवरचा आकडा झाकला आणि जाड अक्षरात ९६ लिहिलं. जिंकलात. पुढच्या आठवड्यात मिलिंद डबे घेऊन जाईल.

आणि तुम्ही सांगितलं होतं ते काम. तुमी म्हणायला लागलो की सांग, म्हणाला होता. मी त्या दिवसापासून कान देऊन होते. चिडलात तरी, झोपेतून उठलात तरी, तापात होता तेव्हाही. एकदाही सांगायची वेळ आली नाही. शेवटचं बोललात तेसुद्धा "तुला साखर परवडत न्हाय का?" तुला. मी ते वाक्य जपून ठेवलंय. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसणार नाही.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पाहुण्यांतल्या काहींना आवडलं नाही. तुम्हाला आवडलं असतं. विमान काउंटरवर ठेवलं आणि रुमालाची गाठ सोडली. नळी बुडाशी तुटली होती, भोक जुन्या चिकटीनं बुजलेलं आणि रंगही निघालेला, त्यामुळं जागेची खूण अशी राहिली नव्हती. पंख्याचा वारा नको म्हणून तो बंद केला आणि चिकटवायचा थेंब दाभणाच्या टोकावर घेतला.

इराण्णा अण्णा दारात उभे होते. तुमच्या खुर्चीकडं बघत नव्हते. म्हणाले, "कागद बघून लाव बाई, उगं चुकायचं."

कागद तिसऱ्या डब्यात होता, हाताच्या अंतरावर. मी काढला नाही.

"आबांनी सांगितलंय," मी म्हणाले, नळी मधोमध टेकवली आणि सुकेपर्यंत बोटानं धरून बसले.